तोंडाआधी हात?

रायपूरच्या गोलबाजारात मसाल्यांपासून लग्नाच्या सामानापर्यंत सगळं मिळतं. मागणारं गिऱ्हाईक छत्तीसगढी बोलतं, हिंदी बोलतं, सिंधी-गुजराती बोलतं. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून या भागात मराठी घरंही आहेत. 'ते दाखवा' म्हटलं की दुकानदार बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत नाही, बोट कुठे गेलंय ते बघतो. 'एवढंच द्या' याचा अर्थ तर बोटांची चिमूट दिसल्याशिवाय लागतच नाही.

यात काय विशेष, असं वाटेल. पण जंगलातला चिंपांझी दुसऱ्या चिंपांझीला 'ते बघ' म्हणून काही दाखवताना क्वचितच आढळतो. माणसांत वाढलेले चिंपांझी खाऊ हवा असला की हात पुढे करतात. त्यांची खूण 'दे' इथेच थांबते. माणसाचं मूल वर्षाचं होता होता चंद्राकडे, कावळ्याकडे बोट दाखवतं, आणि त्याला त्यातलं काहीही नको असतं. आपण बघतोय ते आईनेही बघावं, एवढंच हवं असतं. मायकेल टोमासेलो या संशोधकाच्या मते भाषेचं बीज इथेच आहे: शब्द नंतर आले, 'आपण दोघं एकच गोष्ट पाहतोय' ही जाणीव आधी आली.

हातवाऱ्यांतून भाषा जन्मली, हा विचार जुना आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ कोंदियाक याने तो १७४६ साली मांडला. पुढे तर्कांचं इतकं पीक आलं, की पॅरिसच्या भाषाशास्त्र मंडळाने १८६६ मध्ये भाषेच्या उगमावरचे निबंध स्वीकारायचेच नाहीत असा नियम केला. पुरावा हाती नसताना तो नियम शहाणपणाचाच होता. १९७३ मध्ये गॉर्डन ह्यूज यांनी विषय पुन्हा उघडला, तेव्हा मात्र काहीतरी हाती होतं. अमेरिकेत हेज दांपत्याने व्हिकी नावाची चिंपांझी घरात मुलीसारखी वाढवली होती. अपार खटपटीनंतर ती जेमतेम चार शब्द उच्चारू शकली. १९६६ पासून गार्डनर दांपत्याने वॉशो या चिंपांझीला मूकबधिरांच्या खुणा शिकवल्या, आणि तिने शंभराहून जास्त उचलल्या. त्याला भाषा म्हणायचं का, हा वाद आजही आहे. पण वानराचा हात त्याच्या जिभेपेक्षा कितीतरी अधिक त्याच्या ताब्यात असतो, हे त्यातून दिसलं. १९९०च्या दशकात इटलीतल्या पार्मा इथे माकडाच्या मेंदूत 'आरसा-चेतापेशी' सापडल्या. माकडाने स्वतः वस्तू पकडली किंवा दुसऱ्याला पकडताना पाहिलं, तरी त्या जाग्या होतात. माणसाच्या मेंदूत साधारण त्याच जागी बोलण्याशी संबंधित असलेलं ब्रोका क्षेत्र आहे. (या पेशींचं कौतुक पुढे जरा जास्तच झालं, ते सोडा.)

२०२३चा एक प्रयोग मला अधिक बोलका वाटतो. चिंपांझी आणि बोनोबो यांच्या खुणांच्या चित्रफिती साडेपाच हजारांवर लोकांना दाखवल्या आणि प्रत्येकीचा अर्थ चार पर्यायांतून निवडायला सांगितलं. नुसत्या अंदाजाने पाव उत्तरं बरोबर आली असती. निम्म्याहून जास्त आली.

इथून 'बॉडी लँग्वेज'च्या शिबिरांपर्यंत उडी मारण्याचा मोह अनेकांना होतो. 'संवादात शब्द फक्त सात टक्के, बाकी त्र्याण्णव टक्के देहबोली आणि आवाज' हे वाक्य तिथे हमखास ऐकायला मिळतं. अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७च्या प्रयोगांतून हे आकडे उचललेले आहेत. त्यांत सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले होते, चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवली होती, आणि बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड, एवढंच विचारलं होतं. सगळ्या संवादाला हे आकडे लावू नका, असं खुद्द मेहराबियन सांगत आले. ते आकडे खरे असते, तर दोन सिंधी व्यापाऱ्यांचं आपसातलं बोलणं मला त्र्याण्णव टक्के कळायला हवं होतं. मला त्यांचा भावसुद्धा कळत नाही.

नुसत्या हाताने भाव ठरवण्याची पद्धत मात्र आपल्याकडे होती, आणि गुरांच्या बाजारात अजूनही दिसते: हत्ता. उपरण्याखाली किंवा रुमालाखाली दलाल आणि घेणारा एकमेकांची बोटं धरतात. किती बोटं धरली त्यावरून आकडा. भोवती माणसं उभी असतात आणि कोणाला पत्ता लागत नाही. ज्याचा माल त्या शेतकऱ्यालाही नाही, म्हणून तर बाजार समित्यांत हत्त्यावर बंदी आली आणि उघड लिलाव आला. पण ही 'बिनशब्दांची' भाषा शब्दांवरच उभी आहे. धरलेली तीन बोटं शेकड्यातली की हजारातली, हे बोटं सांगत नाहीत. ते जनावर बघून दोघांनी आधीच गृहीत धरलेलं असतं. ज्याला आकडेच माहीत नाहीत, त्याच्या हाती रुमालाखाली फक्त बोटं लागतील.

हात पुरी भाषा होऊ शकतो, हे निकाराग्वात दिसलं. १९७७ नंतर मनाग्वाच्या शाळेत कर्णबधिर मुलं प्रथमच मोठ्या संख्येने एकत्र आली. शिक्षक ओठ वाचायला आणि स्पॅनिश शिकवत राहिले. मुलांनी मैदानात आणि शाळेच्या बसमध्ये आपापल्या घरगुती खुणा एकत्र केल्या. मागाहून आलेल्या लहानग्यांनी त्यांना व्याकरण दिलं. आज ती निकाराग्वाची खूणभाषा आहे.

मग आवाज का जिंकला? मायकेल कॉर्बालिस यांचं उत्तर असं: हात अवजारांत गुंतले, अंधारात खुणा दिसेनात, आणि हळूहळू काम तोंडाकडे गेलं. डेव्हिड मॅकनील यांना हे मान्य नाही. त्यांच्या मते हात आणि आवाज पहिल्यापासून जोडीनेच वाढले. माझा कल मॅकनील यांच्याकडे आहे, आणि त्याचं एक कारण १९९८चा प्रयोग. जन्मांध मुलं, ज्यांनी कधी कोणाचे हातवारे पाहिले नाहीत, तीही बोलताना हात हलवतात. समोरचाही अंध आहे हे ठाऊक असताना हलवतात. आवाजाने हाताची जागा घेतली असती, तर ज्यांनी हातवारे कधी पाहिलेच नाहीत त्यांच्या बोलण्यात हात इतका हटकून आला नसता.