विश्वासाची पेठ

व्यापाराचें खरें भांडवल पैसा नव्हे, पत होय, हें आपल्याकडील जुन्या पेढीवाल्यांस कोणी शिकवावें लागत नसे. पुण्याच्या रविवार पेठेंत भांडें घेणारा गृहस्थ दुकानदारास ओळखी, त्याच्या वडिलांसही ओळखी. वस्तु हातांत घेऊन, वाजवून, पारखून मगच कमरेचा कसा सोडी. फसगत झालीच तर दुसऱ्या दिवशीं त्याच पायरीवर उभें राहून चार माणसांदेखत जाब विचारतां येई. परंतु विकणारा हजार कोसांवर, घेणारा दुसऱ्याच टोकास, उभयतांनीं एकमेकांचें तोंडही पाहिलेलें नाहीं, आणि वस्तु तर केवळ चित्रांत दिसते, अशा स्थितींत व्यापार चालेल काय? अमेरिकेंत १९९५ सालीं निघालेल्या ‘ईबे’ नामक लिलावपेठेनें या प्रश्नाचें ‘चालेल’ असें उत्तर दिलें. तीस वर्षांनंतर त्याच पेठेचे कित्येक जुने रहिवासी तिच्याविषयीं खिन्न मनानें बोलतात. आज आपल्याही घरांतील निम्मा बाजारहाट पडद्यावरूनच होऊं लागला असल्यानें ही हकीकत वाचकांपुढें मांडणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

या पेठेचा जनक पिअर ओमिद्यार. इराणी मातापित्यांच्या पोटीं पॅरिसमध्यें जन्मलेला व अमेरिकेंत वाढलेला हा तरुण कॅलिफोर्नियांतील सॅन होझे येथें राहून संगणकाचें काम करी. सप्टेंबर १९९५ मध्यें त्यानें ‘ऑक्शनवेब’ या नांवानें लिलावाचें एक साधें पान इंटरनेटवर उघडलें; ‘ईबे’ हें नांव १९९७ सालीं रूढ झालें. तेथें विकली गेलेली पहिली वस्तु म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर! तो १४ डॉलर ८३ सेंटांस गेला. ओमिद्यारनें गिऱ्हाइकास विचारलें कीं, वस्तु मोडकी आहे हें ठाऊक आहे ना? त्यावर उत्तर आलें कीं, आपणांस मोडकेच लेझर पॉइंटर जमविण्याचा छंद आहे. एकाची अडगळ ती दुसऱ्याची ठेव, हें या पेठेचें सारें मर्म त्या पहिल्याच सौद्यांत उतरलें होतें. याहून गोड अशी दुसरी एक जन्मकथा पुढें पसरविण्यांत आली. ओमिद्यारच्या वाग्दत्त वधूस पेझ नांवाच्या गोळ्यांच्या डब्या जमवितां याव्यात म्हणून ही पेठ निघाली, अशी ती कथा. ती १९९७ सालीं प्रसिद्धीसाठीं रचलेली होती, हें मागाहून उघड झालें.

आरंभीं दलाली मुळींच नव्हती. इंटरनेटची जोडणी पुरविणारी कंपनी महिना २५० डॉलर मागूं लागली तेव्हां ओमिद्यारनें विक्रेत्यांकडून विक्रीचा अल्पसा अंश मागितला. तगादा लावण्यास कोणी नसतांही लोकांनीं तो टपालानें धाडला. कित्येकांनीं तर कार्डास सुटीं नाणीं चिकटवून पाठविलीं. माणूस स्वभावतः प्रामाणिक असतो या श्रद्धेवर ओमिद्यारनें आपला डाव मांडला होता, आणि त्या पाकिटांनीं ती खरी करून दाखविली.

लिलावाची रीतही मोठी चतुर होती. गिऱ्हाइकानें आपली कमाल किंमत गुप्तपणें सांगून ठेवावी आणि यंत्रानें त्याच्या वतीनें गरजेपुरतीच बोली चढवावी. समजा, एका जुन्या चहादाणीस आपण १०० डॉलर देण्यास तयार आहों आणि प्रतिस्पर्धी ६० वर थांबतो. तर ती आपणांस साठाहून किंचित् अधिक किंमतीस मिळावयाची. घटका भरली कीं लिलाव आपोआप संपे, त्यामुळें शेवटच्या दोनचार सेकंदांत झडप घालण्याची एक कलाच निर्माण झाली. जुने रहिवासी आजही ज्या आठवणी काढतात त्या बहुधा याच शेवटच्या क्षणांच्या असतात.

परंतु पेठेचा खरा पाया होता तो अभिप्रायवहीचा. फेब्रुवारी १९९६ मध्यें ती सुरू झाली. प्रत्येक सौद्यानंतर घेणाऱ्यानें देणाऱ्याविषयीं आणि देणाऱ्यानें घेणाऱ्याविषयीं चार शब्द लिहावे, आणि ते सर्वांस दिसावे. अशा रीतीनें परक्याच्या नांवापुढें हळूहळू पत जमूं लागली. ही पत किती मोलाची होती याचा प्रयोगच अर्थशास्त्रज्ञांनीं केला. पॉल रेझनिक, रिचर्ड झेकहाउझर आदींचा तो निबंध २००६ सालीं प्रसिद्ध झाला. जुनीं चित्रपत्रें विकणाऱ्या एका नामांकित विक्रेत्यानें एकाच प्रकारचा माल कांहीं आपल्या नांवानें व कांहीं नव्या, अपरिचित नांवांनीं विकला, तों त्याच्या प्रस्थापित नांवास सरासरीनें ८.१ टक्के अधिक मोल आलें. शेंकड्यामागें हे आठ डॉलर कंपनीनें मिळविलेले नव्हते. वर्षानुवर्षें नीट बांधून वेळेवर धाडलेल्या पुडक्यांची ती कमाई होती.

आतां या वहींतील दोष सांगणेंही न्यायाचें आहे. मे २००० मध्यें एका वकिलानें अवघ्या २५ सेंटांपासून एका चित्राचा लिलाव मांडला. तें रिचर्ड डीबेनकॉर्न या नामांकित चित्रकाराचें असावें, असा भास त्यानें खुबीनें निर्माण केला आणि बोली १,३५,८०५ डॉलरपर्यंत चढली. विक्रेत्यानें आपल्याच मालावर बोली लावली होती असें आढळतांच सौदा रद्द झाला. पुढें खोट्या बोलींचें मोठें जाळें उघड होऊन खटलाही झाला. दुसरा दोष अधिक सूक्ष्म होता. रेझनिक व झेकहाउझर यांनीं १९९९ सालचे सौदे तपासले, तेव्हां सुमारें निम्म्या गिऱ्हाइकांनींच अभिप्राय लिहिलेला दिसला आणि त्यांत प्रतिकूल अभिप्राय शेंकडा एकाहूनही कमी होते. सारेंच इतकें गोड असणें शक्य नव्हतें. आपण खरें लिहिलें तर समोरचा आपल्या नांवास काळिमा लावील, या भयानें कित्येकांची लेखणी अडखळत होती.

येथवर जें घडलें तें शेजाऱ्याशेजाऱ्यांतील भांडण होतें. पुढें मात्र वाडा कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न निघाला. १९९८ सालीं कंपनीचे भाग बाजारांत विक्रीस आले. तेव्हांपासून तिला रहिवाशांइतकीच भागधारकांचीही मर्जी राखणें प्राप्त झालें. जानेवारी २००८ मध्यें मोठे फेरफार जाहीर झाले. वस्तु मांडण्याचें शुल्क थोडें उतरलें. परंतु पंचवीस डॉलरपर्यंतच्या विक्रीवरील दलाली ५.२५ वरून ८.७५ टक्क्यांवर गेली. शिवाय विक्रेत्यानें गिऱ्हाइकाविषयीं यापुढें प्रतिकूल अभिप्राय लिहूं नये असा नियम झाला. सूडाच्या अभिप्रायांस आळा घालणें हा कंपनीचा हेतु अगदींच निराधार नव्हता. परंतु ज्या वहीस दोन बाजू होत्या तिची एक बाजू बंद झाली. पैसे बुडविणाऱ्या वा खोटी तक्रार करणाऱ्या गिऱ्हाइकापुढें प्रामाणिक विक्रेता मुका झाला. फेब्रुवारींत अनेक विक्रेत्यांनीं कांहीं दिवस माल न मांडण्याचा बहिष्कार पुकारला. नियम मात्र फिरला नाहीं. त्याच सुमारास मोठमोठे व्यापारी ठराविक किंमतीचा नवा माल घेऊन पेठेंत शिरले आणि लिलाव, ज्यावर सारें उभें राहिलें तोच, मागें पडत चालला. माळ्यावरील जुनी बाहुली, पोस्टाचीं तिकिटें, आजीची चहादाणी विकणाऱ्यास आपल्याच पेठेंत आपण उपरे झालों असें वाटूं लागलें.

या खिन्नतेचा कळस २०१९ सालीं झाला. बोस्टनजवळील नेटिक गांवचें एक दांपत्य विक्रेत्यांच्या बातम्या व गाऱ्हाणीं देणारें वार्तापत्र चालवीत असे. कंपनीच्या संरक्षण विभागांतील मंडळींनीं त्यांस गप्प करण्यासाठीं त्यांच्या घरीं जिवंत झुरळें, कोळी, रक्ताळलेल्या डुकराचा मुखवटा आणि अंत्यविधीचें पुष्पचक्र धाडलें, पाळतही ठेवली. उघडकीस येतांच कंपनीनें त्यांस कामावरून दूर केलें. सात जणांनीं न्यायालयांत अपराध कबूल केला, आणि जानेवारी २०२४ मध्यें कंपनीनें तीस लक्ष डॉलर दंड भरण्याचें मान्य केलें. दोषी थोडे, कंपनी मोठी, हें खरें. तरी अभिप्रायाच्या मोकळेपणावर जी पेठ उभी राहिली, तिच्याच नोकरांनीं अभिप्राय छापणाऱ्याच्या दारीं पुष्पचक्र धाडावें, याला कुंपणानें शेत खाणें म्हणतात.

पेठ बुडाली, असें मात्र कोणी समजूं नये. ती आजही मोठा व्यापार करते. परत फिरण्याचा यत्नही तिनें केला आहे: घरगुती विक्रेत्यांवरील दलाली जर्मनींत २०२३ सालीं आणि ब्रिटनमध्यें ऑक्टोबर २०२४ मध्यें उठविली, ब्रिटनमध्यें फेब्रुवारी २०२५ पासून गिऱ्हाइकावर संरक्षण-शुल्क बसविलें, ही गोष्ट निराळी. मग असंतुष्ट रहिवासी सरळ निघून कां जात नाहींत? येथेंच या कथेचें सार आहे. पुण्याचा व्यापारी कोल्हापुरास गेला तर त्याचें नांव त्याच्यासवें जाई. या पेठेंतील विक्रेता वीस वर्षांची पुण्याई मागें टाकूनच बाहेर पडतो. कारण पत त्याची, पण वही मालकाची. आपल्या देशानेंही याची चुणूक पाहिली आहे. मुंबईची ‘बाझी’ ही लिलावपेठ ईबेनें २००४ सालीं घेतली, २०१७ सालीं तिचा कारभार फ्लिपकार्टकडे गेला आणि ऑगस्ट २०१८ मध्यें ती मिटली. दुकान कोणाचेंही असो, कुलूप लावण्याचा अधिकार विक्रेत्याचा नव्हता.

म्हणून ज्या भगिनी घरबसल्या पापड-मसाले, साड्या वा हस्तकलेच्या वस्तु अशा परक्या पेठांतून विकतात त्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, पेठ खुशाल वापरावी, परंतु गिऱ्हाइकांची ओळख आपल्या घरच्या वहींतही टिपून ठेवावी. आणि आपण जे घेणारे आहों, त्यांनीं तारे देतांना हात सैल वा आखडता न ठेवतां जें घडलें तेंच लिहावें. ज्याला आपण कधीं पाहणार नाहीं अशा कोणाचा उद्यांचा संसार त्या दोन ओळींवर चालावयाचा असतो.