गॅलिलिओची गोळी आणि पाण्याचं घड्याळ

गतीचे नियम मुळातून समजून घ्यायचे, तर गॅलिलिओचा ‘दोन नवी शास्त्रे’ हा ग्रंथ जरूर वाचावा.

• प्रकाशन : १६३८, लायडन (हॉलंड). लेखक तेव्हा फ्लॉरेन्सजवळ आर्चेत्री इथे नजरकैदेत.

• मांडणी : तिघांचा चार दिवसांचा संवाद, गतीची चर्चा तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी.

• प्रयोग : सुमारे १२ हात लांब, तिरप्या लाकडी तुळईवर गुळगुळीत खाच, तीतून घरंगळणारी काशाची गोळी.

• वेळेचं माप : बारीक धारेने साठलेलं पाणी तोलून.

• निष्कर्ष : लागोपाठच्या समान कालखंडांत कापलेली अंतरं १, ३, ५, ७ या प्रमाणात. म्हणजेच एकूण अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं.

फळी, गोटी आणि पाण्याची धार एवढ्यावर मुलांनी हा प्रयोग घरी जरूर करून पाहावा; सूत्र मग पाठ करावं लागत नाही.