जयपूरचे ऊन आणि तुमची त्वचा
दिवाळीच्या सुट्टीत जयपूरला जाताय? तेथील जंतरमंतरात सम्राट यंत्राच्या सावलीवरून वेळ कळते. तुमची सावलीही काही सांगते: ती तुमच्या उंचीपेक्षा आखूड दिसली, तर हवा गार असूनही ऊन प्रखर आहे असे समजा.

उन्हातील ‘यूव्हीबी’ किरणांनी त्वचा भाजते. ‘यूव्हीए’ किरण गाडीच्या काचेतूनही आत येतात आणि सुरकुत्या व वांग वाढवतात. सावळा वर्णही त्यातून सुटत नाही. एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबीपासूनचे संरक्षण दाखवतो. म्हणून एसपीएफ ३० किंवा अधिक आणि ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ असे दोन्ही लिहिलेले सनस्क्रीन घ्या. तेलकट त्वचेला जेल, कोरडीला क्रीम बरे.

खरी चूक होते ती काटकसरीत. पातळ बोट फिरवले, तर लिहिलेले संरक्षण मिळत नाही. चेहरा व मानेसाठी दोन बोटांच्या लांबीइतके सनस्क्रीन घ्या. कान आणि पावलेही विसरू नका. आमेरचा किल्ला चढण्यापूर्वी पंधरा मिनिटे आधी लावा. नंतर दर दोन तासांनी आणि घाम पुसल्यावर पुन्हा लावा. सहा महिन्यांखालील बाळाला मात्र सावली, टोपी आणि अंगभर सुती कपडेच उत्तम.