राजीनामा : राजी कोण?

नोकरी सोडण्यासाठी मराठीत रुळलेला शब्द ‘राजीनामा’. त्याच्या घडणीत सोडण्याचा मागमूसही नाही. ‘राजी’ म्हणजे संतुष्ट, कबूल. ‘नामा’ म्हणजे लिहिलेला कागद. मुळात हा संमतीचा लेख. हिंदीत तो अजून याच अर्थाने वावरतो : वादी-प्रतिवादींत तडजोड झाली की राजीनामा होतो, नोकरी सोडणारा मात्र ‘इस्तीफा’ देतो. याबाबतीत मराठीची पंगत गुजराती, कन्नड आणि तेलुगू यांच्यासोबत आहे. त्याही राजीनामाच देतात.

आमचे भिवापूर नागपूर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, आणि हा सारा मुलूख 1956 पर्यंत मध्य प्रदेशात. मिरचीच्या बाजारात मराठी बोलता बोलता माणूस हिंदीत कधी शिरतो ते त्यालाही कळत नाही. त्यामुळे इथे दोन्ही शब्द कानावर पडतात, आणि म्हणूनच मला त्यांच्यातला फरक खुणावू लागला. ‘इस्तिफा’ अरबी. ज्या धातूपासून आपला ‘माफ’ आला, त्याच धातूचा. म्हणजे इस्तिफा देणारा ‘मला या कामातून माफ करा’ अशी विनंती करतो. राजीनामा देणारा ‘मी राजी आहे’ असे लिहून देतो. एकात आर्जव, दुसऱ्यात कबुली. आपली ‘रजा’ही ‘राजी’चीच सख्खी बहीण, तिचाही मूळ अर्थ संमती.

संमतीचा कागद सोडचिठ्ठी कसा झाला? माझ्या मते वाट कचेरीतून जाते. दावा सोडणारा वादी ‘माझे समाधान झाले’ असा राजीनामा लिहून देई. मुंबई इलाख्याच्या रयतवारीत जमीन सोडणारा खातेदार राजीनामा देई आणि ती घेणारा कबुलायत लिहून देई. राजीनामा-कबुलायत ही जोडी जुन्या महसुली दप्तरांत सर्वत्र भेटते. हक्क सोडतो आणि त्याला राजी आहे, हे एकाच कागदात आले. जमिनीवरून शब्द खुर्चीवर सरकायला फारसे अंतर उरले नव्हते.

‘त्यागपत्र’ हा संस्कृत पर्याय मराठीत छापला जातो, बोलला जात नाही. हिंदीत त्याची प्रतिष्ठा मोठी. जैनेंद्रकुमारांच्या 1937च्या कादंबरीचे नावच ते आहे. मला तो शब्द जरा फुगीर वाटतो. महिन्याच्या पगाराला वैतागलेला कारकून त्याग कसला करतो!

खरी खोच क्रियापदात आहे. राजीनामा ‘दिला’ म्हटले की संमती शाबूत राहते. पण आपण ‘मागितला’, ‘घेतला’ असेही सहज म्हणतो. संमतीचा कागद दुसऱ्याने घेतला, तर राजी कोण होते?

हा प्रश्न निव्वळ व्युत्पत्तीचा नाही, पोटाचा आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 मध्ये सेवेचा राजीनामा दिला की मागची सेवा सामान्यतः जप्त होते आणि तिच्याबरोबर निवृत्तिवेतनाचा हक्क जातो. त्याच नियमांत वीस वर्षांची अर्हताकारी सेवा झालेल्याला तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते, आणि निवृत्तिवेतन टिकते. माणूस तोच, टेबल तेच, घरी जाणेही तेच. अर्जावर कोणता शब्द लिहिला यावर म्हातारपण ठरते. सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये दिल्लीच्या एका वीज कंपनीच्या प्रकरणात राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे सांगून निवृत्तिवेतन नाकारले. रागाच्या भरात अर्ज लिहिणाऱ्याला हे कोणी सांगत नाही.

काढून टाकण्याचे शब्द तुलनेने प्रामाणिक आहेत. ‘बडतर्फ’ म्हणजे फारसीत ‘बाजूला’, बस. ‘नारळ दिला’ मात्र खास आपला : निरोपाचा मान ठेवून हाकलणे.

पण हे सारे शब्द कागद असणाऱ्यांचे. वर्षाच्या बोलीवर शेतावर राहणाऱ्या सालदाराकडे यातला एकही नाही. त्याचे ‘साल’ ठरते, सुरुवातीलाच ‘उचल’ हातात पडते आणि ती फिटेपर्यंत निघता येत नाही. कर्जापोटी माणूस बांधून ठेवणे 1976च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा ठरले. बोलीभाषेपर्यंत तो कायदा पोचलेला दिसत नाही. उचल अंगावर असताना सालदार मध्येच निघून गेला, तर त्याने ‘काम सोडलं’ असे कोणी म्हणत नाही. ‘पळाला’ म्हणतात.