घरट्यात बसलेला शब्द

परवा मामाच्या तपासणीच्या कागदावर डॉक्टरांनी एक शब्द लिहिला: सेडेंटरी. आजीने चष्मा लावून कागद खालीवर केला. "आता हा कुठला नवा आजार?" मामा म्हणाला, "आजार नाही गं, दिवसभर ऑफिसात बसून असतो ना, ते बैठं काम." "बसतोस हे सांगायला डॉक्टर लागतात?" आजी फणकारली.

मी मात्र शब्दकोश घेऊन बसले. (बघा, मीही बसलेच!)

'सेडेंटरी' हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. लॅटिनमध्ये 'सेडेरे' म्हणजे बसणे. सुमारे 2200 वर्षांपूर्वी रोममध्ये प्लाउटस नावाचा नाटककार होता. त्याने हे विशेषण कुणाला लावलं असेल? मोच्यांना! म्हणजे तेव्हा हा शब्द आळशांचा नव्हता. बसल्याजागी दिवसभर टाके घालणाऱ्या, भरपूर काम करणाऱ्या माणसांचा होता.

आता खरी गंमत. लॅटिनमधलं हे 'सेड' आणि आपल्या संस्कृतमधला 'सद्' हा धातू चुलतभाऊ आहेत. इंग्रजीतला 'सिट' हा तिसरा भाऊ. हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच भाषेतून हे तिघं निघाले आणि तीन दिशांना गेले. एकत्र बसतात ती संसद, सभेत बसतो तो सभासद, गुरूजवळ बसून शिकायचं ते उपनिषद, आणि बसायची-राहायची जागा ते सदन. सगळी याच 'सद्'ची पोरं.

यातलं माझं सर्वांत लाडकं पोर म्हणजे 'नीड'. नीड म्हणजे घरटं. 'नि' म्हणजे खाली, आणि पुढे 'सद्' म्हणजे बसणे. दोन्ही एकमेकांत इतके मिसळले, की आता वेगळे ओळखूच येत नाहीत. दिवसभर उडणारं पाखरू जिथे खाली येऊन बसतं, ते नीड. इंग्रजीतलं 'नेस्ट'सुद्धा अगदी असंच बनलंय! आणि 'काका पुण्यात सेटल झाला' म्हणतो ना आपण, त्या 'सेटल'मध्येही बसणंच लपलंय. म्हणजे त्या जुन्या लोकांसाठी घर कुठलं? जिथे टेकता येतं ते.

एक प्रयोग करा. ग्लासभर पाण्यात चमचाभर माती ढवळा आणि ग्लास ओट्यावर ठेवून द्या. हलवायचा नाही! आधी जाड कण तळाशी जातील, मग बारीक, आणि हळूहळू वरचं पाणी नितळ होत जाईल. आपण म्हणतो, गाळ बसला. इंग्रजीत या गाळाला 'सेडिमेंट' म्हणतात, तेही 'सेडेरे'वरूनच. आणि संस्कृतमध्ये अशा नितळ पाण्याला म्हणत 'प्रसन्न'. हो, आपलं हसऱ्या चेहऱ्याचं प्रसन्न! त्यातही 'सद्' आहे.

आपलं मराठी 'बसणे' मात्र वेगळ्या घराण्यातलं. ते संस्कृत 'उपविश्'पासून 'बैसणे' होत होत आलं. आणि किती कामं करतं ते! गणपती बसतात, घट बसतात, घसा बसतो, धक्का बसतो, पावसात जुनी भिंत बसते आणि आपण परीक्षेला बसतो.

मग या बिचाऱ्या बसण्याने डॉक्टरांचं काय बिघडवलं? जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांकडे लक्ष दिलं. गाडी तीच, कंपनी तीच. पण ड्रायव्हर दिवसभर बसलेला, आणि कंडक्टर तिकिटं फाडत सारखा जिन्याने वरखाली करणारा. 1953 साली त्यांनी आकडे छापले, तर हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी निघाला! तोवर व्यायामाचा हृदयाशी असा संबंध कुणी आकड्यांनी दाखवलेला नव्हता. आता जागतिक आरोग्य संघटना सांगते, की 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटं तरी दम लागेल असं खेळावं-पळावं.

हे सगळं आजीला सांगितलं. तिने मामाला लगेच गिरणीतून दळण आणायला पिटाळलं आणि मला विचारलं, "म्हणजे लोक बसतात म्हणून तिला बस म्हणतात होय?"

नाही हं! ती 'बस' आली 'ऑम्निबस' या लॅटिन शब्दाच्या शेपटातून, आणि त्याचा अर्थ आहे 'सर्वांसाठी'. उभ्याने जाणाऱ्यांसाठीसुद्धा.