वाचता येतं, मग कळत का नाही?

मागच्या भागानंतर एकीने विचारलं, "दादा, अख्खं पान वाचते, पण डोक्यात काहीच शिरत नाही. मी ढ आहे का?"

नाही गं. १९८८ साली अमेरिकेत डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांचा एक अभ्यास छापून आला. सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा वाचायला दिला होता. गंमत बघा, वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात हुशार पण खेळ न कळणाऱ्यांच्या पुढे गेली!

माझंच सांगतो. मी इंजिनिअर, पण सातबाऱ्यावरचं 'भोगवटादार वर्ग २' तीनदा वाचूनही कळेना. चौथी शिकलेले आजोबा एका नजरेत म्हणाले, "बाळा, ही जमीन सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही."

लिहिणारा बरंच काही गृहीत धरतो. त्या मोकळ्या जागा आपण आपल्या माहितीने भरतो. माहितीच नसेल, तर तेच पान दहादा वाचून काय होणार?

म्हणून अडलात की आधी त्या विषयावरचा एखादा सोपा व्हिडिओ बघा, जाणत्या माणसाला विचारा, मग ते पान परत उघडा. आणि स्वतःला ढ म्हणणं आजपासून बंद! भेटू पुढच्या भागात.