बुडालेल्या भूमीचे चित्र

दांडेलीहून जोयड्याकडे जाताना गणेशगुडी लागते, आणि तेथेच काळी नदी अडवून उभा असलेला सुपा धरणाचा १०१ मीटर उंचीचा बांध दिसतो. हे धरण १९८७ साली पुरे झाले. त्याच्या जलाशयाखाली जुने सुपा गाव गेले. तालुक्याच्या कचेऱ्या जोयड्यास आल्या, आणि कित्येक कुटुंबे रामनगरास जाऊन वसली. घराचे व शेताचे मोल कागदावर मांडता येते. परंतु ज्या झाडाखाली कुळाचा देव बसला, ज्या पाणंदीने वराती गेल्या, त्यांचे मोल कोणत्या रकान्यात लिहावयाचे?

या मुलखात माणसाचे भूमीशी असलेले नाते त्याआधीही एकदा दुखावले होते. उतारावरील झाडी तोडून, जाळून, त्या राखेत धान्य पेरावयाचे आणि काही काळाने ती जागा पुन्हा रानाच्या स्वाधीन करावयाची, ही येथील ‘कुमरी’ शेती. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने रान आपल्या ताब्यात घेतले व कुमरीवर निर्बंध घातले. कुणब्यांचे रान सरकारी जंगल झाले.

अशी भूमी कशात जतन करावी? शेजारच्या गोव्यात याचे एक उत्तर सापडते. सांगे तालुक्यातील कुर्डी हे गायिका मोगूबाई कुर्डीकर यांचे गाव. साळावली धरणात ते बुडाले. मात्र मे महिन्यात पाणी ओसरले की घरांची जोती व वाटा उघड्या पडतात, आणि दूर वसविलेले गावकरी तेथे परततात. हिंदू देवळाचा उत्सव करतात, ख्रिस्ती कपेलाचे फेस्त करतात. सौम्यानंद साही यांनी २०१६ साली ‘रिमेंबरिंग कुर्डी’ या चित्रपटात या स्मृतींचे चित्रण केले. तथापि हा कॅमेरा बाहेरून आलेल्या कलावंताचा होता. तोच गावकऱ्याच्या हाती दिला तर काय दिसेल?

या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील नव्हाहो लोकांनी दिले आहे. चार पवित्र पर्वतांच्या मधली भूमी ही आपली, अशी त्यांची श्रद्धा. १८६४ साली अमेरिकन सैन्याने त्यांना शेकडो मैल पायी चालवीत तेथून हाकलले. १८६८ च्या तहानंतर ते परतले. पुढे कॉलोराडो नदीवर ग्लेन कॅन्यन धरण झाले, १९६३ पासून पाणी साठू लागले आणि ‘रेनबो ब्रिज’ या त्यांच्या पवित्र शिळाकमानीखाली ते पोहोचले. नव्हाहो न्यायालयात गेले, ते हरले. त्या जमिनीवर त्यांची मालकी नाही, हे १९७७ च्या निकालातील एक कारण होते. पूजा होती, पण सातबारा नव्हता, असे आपल्याकडे म्हटले असते.

१९६६ साली सॉल वर्थ व जॉन अडेअर या दोन अभ्यासकांनी ॲरिझोनातील पाइन स्प्रिंग्ज येथे काही नव्हाहो स्त्रीपुरुषांना कॅमेरे दिले. सुझी बेनाली हिने आपल्या आईच्या विणकामाचे चित्रण केले. बाहेरच्या माणसाने तयार गालिचा दाखविला असता. तिच्या चित्रपटात मेंढ्या आहेत, लोकर आहे, रंगासाठी मुळ्या शोधीत केलेली चाल आहे. इतरांच्या चित्रपटांतही माणसे चालत राहतात. कारण वस्तू भूमीतून निघते, आणि भूमीची ओळख पायांना होते. या चित्रपटांना २००२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदपटात स्थान मिळाले.

परंतु कॅमेरा आपल्या माणसाच्या हाती आला म्हणजे सर्व साधले, असेही नाही. शहरात वाढलेल्या, नव्हाहो भाषा न येणाऱ्या अर्लीन बोमन हिने १९८६ च्या ‘नव्हाहो टॉकिंग पिक्चर’मध्ये आपल्या आजीचे जीवन टिपू पाहिले. आजीने नकार दिला, तोंड फिरविले. चित्रपटात हा नकारच राहिला आहे, आणि तोच सर्वांत बोलका आहे. ज्यांची भूमी न विचारता घेतली गेली, त्यांची मुद्राही न विचारता घेऊ नये, हा त्यातील बोध आहे.

सुप्याच्या वाटा तरुणपणी ज्यांनी तुडविल्या, ते आता साठीपलीकडे गेले आहेत. जलाशयाचे चित्र आज कोणताही प्रवासी खिशातल्या फोनने घेतो. त्यात पाणी येते, गाव येत नाही. गाव हवे असेल तर रामनगरच्या वा जोयड्याच्या नातवंडांनी तोच फोन घेऊन आजोबांपाशी बसावे. देऊळ कोठे होते, पायवाट कोठून वळत होती, हे त्यांना त्यांच्याच बोलीत सांगू द्यावे. आणि एखाद्या जागेविषयी ते गप्प राहिले, तर तेथे चित्रण थांबवावे. ती शांतताही त्या गावाचीच आहे.